आंद्रेआ पिर्लो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉलच्या गप्पांत पिर्लोचं नाव निघालं की हमखास दोन गट पडतात. एक म्हणतो, ‘काय पास द्यायचा राव!’ दुसरा म्हणतो, ‘पण पळायचा कुठं?’ दोघांचंही खरं आहे, फक्त अर्धं-अर्धं. मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण तिथे मला आवरत नाही.

पिर्लो कोण, दोन ओळींत सांगाल का?

इटलीचा मिडफिल्डर. जन्म १९ मे १९७९, उत्तर इटलीतल्या ब्रेशा शहराजवळच्या फ्लेरो गावचा. १९९५ ते २०१७ अशी बावीस वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला. एक विश्वचषक, दोन चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा), सहा वेळा इटलीची लीग. देशाकडून ११६ सामने आणि १३ गोल. झाल्या दोनाच्या चार ओळी.

आंद्रेआ हे मुलीचं नाव ना?

बऱ्याच देशांत आहे. इटलीत ते पुरुषाचं नाव. आणि ‘अँड्रिया’ नाही, ‘आंद्रेआ’.

सुरुवात कुठून झाली?

घरच्याच गावातून म्हणा. ब्रेशाच्या युवा संघात वाढला आणि २१ मे १९९५ला, म्हणजे सोळावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले असताना, इटलीच्या पहिल्या श्रेणीत मैदानात उतरला. त्या हंगामात ब्रेशा खालच्या श्रेणीत घसरलं. १९९६-९७मध्ये दुसरी श्रेणी जिंकून परत वर आलं, तेव्हा पिर्लो त्या संघात होता. तेव्हा तो दहा नंबरच्या जागी खेळायचा, स्ट्रायकरच्या मागे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग इंटर मिलानमध्ये का जमलं नाही?

१९९८मध्ये इंटरने घेतला. मुलगा एकोणीस वर्षांचा, आणि त्या हंगामात इंटरने तब्बल चार प्रशिक्षक बदलले. एकाला समजावून होईपर्यंत दुसरा हजर. शिवाय तिथे रोबेर्तो बाज्जो होता, ब्राझीलचा रोनाल्डो होता. तरुण दहा नंबरवाल्याला जागा कुठून मिळणार? पुढच्या वर्षी त्याला दक्षिणेकडच्या रेज्जीना संघात लोनवर, म्हणजे तात्पुरतं उसनं, पाठवलं. तिथे चांगला खेळला. परत इंटरला आला, पुन्हा बाकावर.

या काळात इटलीच्या २१ वर्षांखालील संघात मात्र तो राजा होता. त्या वयोगटाच्या २०००च्या युरो स्पर्धेत कर्णधार तोच. अंतिम सामन्यात चेक प्रजासत्ताकाविरुद्ध इटली २-१ने जिंकली, आणि इटलीचे दोन्ही गोल त्याचे. म्हणजे आपल्या वयाच्या पोरांत सगळ्यांच्या पुढे आणि क्लबात कुणी विचारत नाही, अशी अवस्था.

‘त्याची जागा बदलली आणि नशीब बदललं’ असं म्हणतात. नेमकं काय झालं?

हे नीट सांगायला हवं, कारण पिर्लोची पुढची सगळी कारकीर्द याच्यावर उभी आहे.

दहा नंबरचा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीच्या अगदी तोंडावर उभा असतो. चेंडू येतो तेव्हा त्याची पाठ गोलकडे असते. मागे एक जण अंगाला अंग घासून उभा, बाजूने दुसरा झेपावत येतोय. वळायचं तर पायात वेग हवा, नाहीतर अंगात रग हवी. पिर्लोकडे दोन्ही बेताचंच होतं. त्याच्याकडे होती नजर. पण नजर वापरायला समोर काहीतरी दिसावं लागतं, आणि दोन सेकंद मिळावी लागतात. इटलीच्या लीगमध्ये त्या जागेवर दोन सेकंद कुणी देत नाही.

जानेवारी २००१मध्ये इंटरने त्याला पुन्हा ब्रेशाला लोनवर पाठवलं. गंमत अशी की बाज्जोही तोवर ब्रेशात आलेला. म्हणजे दहा नंबर इथेही भरलेला! प्रशिक्षक कार्लो मात्सोने तेव्हा साठी ओलांडलेले. त्यांनी पोराला सरळ मागे ओढलं, बचावफळीच्या पुढ्यात. तिथून सगळं मैदान समोर. तिथपर्यंत धावत येऊन त्रास देण्याची प्रतिस्पर्धी स्ट्रायकरांना सवय नाही. दोन सेकंद मिळाली.

१ एप्रिल २००१. तुरीन, युव्हेंटसविरुद्ध. सामना संपत आलेला, ब्रेशा ०-१ने मागे. पिर्लोने मैदानाच्या मध्याजवळून चेंडू उचलला आणि बचावफळीच्या डोक्यावरून पलीकडे टाकला. बाज्जो पळतच होता. मागून खांद्यावरून उतरणारा चेंडू त्याने पायावर असा जिरवला की त्याच एका स्पर्शात गोली व्हॅन डर सार बाजूला पडला. पुढे रिकामा गोल. १-१. लोक या गोलसाठी बाज्जोचं नाव घेतात आणि ते बरोबरच आहे. पण पुन्हा पाहाल तेव्हा पास देण्याच्या आधीचा क्षण बघा. पिर्लोच्या आसपास कुणीच नाही.

तरीही इंटरने त्या उन्हाळ्यात त्याला विकला. तोही शेजारच्या घरात, त्याच शहरातल्या एसी मिलानला, सुमारे ३५ अब्ज लिरांना. इंटरवाल्यांना आजही हे आठवलं की तोंड कडू होतं.

‘रेजिस्ता’ म्हणजे काय? नेहमी ऐकू येतो हा शब्द.

इटालियनमध्ये रेजिस्ता म्हणजे दिग्दर्शक, सिनेमाचा असतो तोच. फुटबॉलमध्ये मागे राहून खेळ चालवणारा. मी आपल्याकडचं उदाहरण देतो. लग्नाच्या पंगतीत वाढपी धावत असतात, ते सगळ्यांना दिसतात. पण एक माणूस कोठीघराच्या दारात उभा असतो. कुठल्या ओळीला जिलेबी कमी पडली, कुठे भात थांबवायचा, हे तो बघतो आणि बोटाने दाखवतो. त्याच्या कपाळावर घाम नसतो. तो नसला की दहा मिनिटांत पंगतीचा विचका.

पण तो पळायचा नाही, हे खरं की खोटं?

वेगात पळायचा नाही. चालत मात्र बसायचा नाही. सतत सरकत असायचा, चार पावलं इकडे, सहा तिकडे. चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे कोण आहे ते बघून ठेवायचा, आणि चेंडू घ्यायचा तोच अर्धा वळलेल्या अंगाने. त्यामुळे चेंडू थांबवणं आणि पुढे पाहणं हे त्याचं एकाच हालचालीत उरकायचं.

चेंडू हिसकावून आणायचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागायचं, हे मात्र खरं. मिलानमध्ये ते जेन्नारो गात्तुसोने केलं, सोबत आंब्रोसिनी आणि सीडॉर्फ. युव्हेंटसमध्ये व्हिदाल आणि मार्किझिओने. म्हणून पिर्लोचं कौतुक करताना मी गात्तुसोचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही. एकाने वीट आणायची, दुसऱ्याने लावायची. नुसत्या पिर्लोंचा संघ केला तर तो सहा गोल खाईल.

मिलानमध्ये काय काय जिंकला?

दहा वर्षं, ४०१ सामने, ४१ गोल. कार्लो आन्चेलोत्ती २००१च्या नोव्हेंबरात प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी मात्सोनेंचीच युक्ती कायमची केली. मागे पिर्लो, उजवीकडे गात्तुसो, डावीकडे सीडॉर्फ, पुढे आधी रुई कोस्ता आणि नंतर काका. हातात चार-चार कलाकार असले की त्यांना एका संघात बसवायचं कसं, यावर आन्चेलोत्तींचं हे उत्तर होतं.

२००३ची चॅम्पियन्स लीग, मँचेस्टरमध्ये युव्हेंटसविरुद्ध टायब्रेकरवर. त्याच वर्षी इटालियन कप. २००४ची लीग. २००७ची चॅम्पियन्स लीग, अथेन्समध्ये लिव्हरपूलवर २-१. त्यातला पहिला गोल पिर्लोच्या फ्री किकचा, इन्झागीच्या अंगाला लागून आत गेलेला. २०११ची लीग, पण त्या हंगामात दुखापतींमुळे तो बराच काळ बाहेरच होता.

आणि इस्तंबूल?

विचारणारच तुम्ही. २५ मे २००५. पहिल्याच मिनिटाला पिर्लोची फ्री किक आणि माल्दिनीचा गोल. मध्यंतराला मिलान ३-०ने पुढे. मग दुसऱ्या सत्रात लिव्हरपूलचे सहा मिनिटांत तीन गोल. टायब्रेकरमध्ये सेर्जिन्योने बाहेर मारली, पिर्लोची लिव्हरपूलचा गोली डुडेकने अडवली, शेवटी शेव्हचेन्कोचीही अडवली. संपलं. या सामन्यातून पिर्लो सहजासहजी सावरला नाही, हे त्याने स्वतःच पुढे सांगितलंय.

२००६च्या विश्वचषकात त्याचं नेमकं योगदान काय? गोल तर एकच आहे.

एकच, घानाविरुद्ध पहिल्या सामन्यात. पण त्या संघाचे धागे कुठून निघायचे ते बघा.

उपान्त्य सामना, डॉर्टमुंड, यजमान जर्मनीविरुद्ध. आपल्याकडे ५ जुलै उजाडला होता, सामना साडेबाराला सुरू झालेला. घरातले सगळे झोपलेले, मी टीव्हीचा आवाज शून्यावर करून जमिनीवर बसलेलो, बाहेर पाऊस. ०-० करत करत जादा वेळही संपत आला. घड्याळात तीन वाजायला आले होते आणि मी टायब्रेकरची मनाची तयारी करत होतो. ११९वं मिनिट. कॉर्नर. जर्मनांनी डोक्याने बाहेर काढलेला चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या कडेला पिर्लोकडे आला.

इथे शंभरातले नव्व्याण्णव जण डोळे मिटून मारतात. पिर्लोने मारला नाही. चेंडू घेऊन उजवीकडे आडवा सरकत राहिला. एक पाऊल, दोन, तीन. जर्मन खेळाडू त्याच्यासमोर भिंतीसारखे सरकतायत. आणि मग भलतीकडे बघत त्याने चेंडू त्यांच्यामधून आत सरकवला, फाबिओ ग्रोस्सोसाठी. ग्रोस्सो खरं तर लेफ्ट बॅक, म्हणजे बचावपटू. त्याने डाव्या पायाने पहिल्याच फटक्यात लांबच्या कोपऱ्यात वळवला. मी उशीत तोंड खुपसून ओरडलो. तरी आई उठलीच. ‘अरे, काय झालं?’ तिला काय सांगणार, लेफ्ट बॅकने गोल केला म्हणून! मिनिटभरात देल पिएरोने दुसरा मारला.

अंतिम सामना ९ जुलैला बर्लिनमध्ये, फ्रान्सशी. झिदानने पेनल्टीवर फ्रान्सला पुढे नेलं. १९व्या मिनिटाला पिर्लोचा कॉर्नर, मातेराझीचं हेडर, १-१. पुढचं ते झिदानने मातेराझीच्या छातीत डोकं मारण्याचं प्रकरण सगळ्यांना पाठ आहे. टायब्रेकरमध्ये इटलीची पहिली किक पिर्लोची. गोल. फ्रान्सच्या त्रेझेगेची किक बारवर आपटली आणि इटली ५-३ने जिंकली. सामनावीर पिर्लो. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंत झिदान आणि कान्नावारोनंतर तिसरा, म्हणजे कांस्य चेंडू.

त्याच्या फ्री किकमध्ये एवढं काय होतं?

चेंडू भिंतीवरून जायचा आणि मग जणू काही आठवल्यासारखा खाली यायचा. ल्योंचा ब्राझिलियन जुनिन्यो असा मारायचा. त्याचं बघून बघून पिर्लोने ही किक घोटवली. दिवसेंदिवस सरावाच्या मैदानावर चेंडू कुंपणापलीकडे जात राहिले, असं तो सांगतो. खुबी कुठे सापडली? पाय कुठे लागतो यात नव्हे, कसा लागतो यात: चेंडूच्या खाली, पावलाच्या आतल्या बाजूऐवजी पुढच्या बोटांनी, पाय शक्य तितका सरळ ठेवून. मी पावसाळ्यात आमच्या मैदानावर प्रयत्न केला होता. अंगठ्याचं नख काळं पडलं, चेंडू शेजारच्या पत्र्यावर गेला.

इटलीच्या लीगमध्ये फ्री किकवर त्याचे २६ गोल आहेत. २०१३मध्ये इटलीकडून शंभरावा सामना खेळला तो रिओच्या माराकानावर, मेक्सिकोविरुद्ध, आणि तिथेही फ्री किकवर गोल.

मिलानने त्याला फुकट का सोडला?

वय बत्तीस, हंगामभर दुखापती, आणि नवीन प्रशिक्षक अल्लेग्रींना बचावफळीच्या पुढे अंगापिंडाने दणकट माणूस हवा होता. मिलानने एक वर्षाचा करार पुढे केला. त्या वेळी क्लबाचं धोरणच तसं होतं, तिशी ओलांडलेल्यांना वर्षावर वर्ष. कागदावर पाहिलं तर चूक म्हणता येत नाही. पिर्लो २०११मध्ये एक पैसा न घेता-देता युव्हेंटसला गेला.

युव्हेंटस त्याआधीची दोन वर्षं लागोपाठ सातव्या क्रमांकावर. पिर्लो आला, अंतोनिओ कॉन्ते प्रशिक्षक झाले, आणि २०११-१२ची लीग त्यांनी एकही सामना न हरता जिंकली. ३८ सामन्यांत २३ विजय, १५ बरोबरी. मागे कोण राहिलं? मिलान, दुसऱ्या क्रमांकावर. पुढे २०१५पर्यंत लागोपाठ चार लीग, चारही पिर्लोसकट. इटलीतल्या वर्षाच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार २०१२, १३, १४ असा तीन वेळा त्यालाच. युव्हेंटसचा आणि इटलीचा गोली बुफॉन तर म्हणाला होता, पिर्लो येतोय कळलं तेव्हा देव आहे याची खात्री पटली.

युव्हेंटसची एक गोष्ट सुटू नये. प्रतिस्पर्धी आता शहाणे झाले होते, पिर्लोच्या अंगावर माणूस सोडायचे. मग मागून बोनुची लांब पास टाकायचा. एकाला धरलं की दुसरा मोकळा.

त्या इंग्लंडविरुद्धच्या पेनल्टीला ‘पनेंका’ का म्हणतात?

चेकोस्लोव्हाकियाच्या अंतोनिन पनेंकाने १९७६च्या युरो अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध अशी पेनल्टी मारली होती. गोली झेप घेणार हे धरून चालायचं आणि चेंडू मधोमध अलगद उचलून टाकायचा. गोली जागचा हलला नाही तर जन्मभराची फजिती.

पिर्लोची २०१२च्या युरोतली. कीव्ह, उपान्त्यपूर्व फेरी, ०-०, टायब्रेकर. इटलीच्या मोन्तोलिव्होने बाहेर मारलेली, रूनीने गोल केलेला, इंग्लंड २-१ने पुढे. गोली जो हार्ट रेषेवर नाचत होता, तोंडं वेडीवाकडी करत होता. पिर्लो आला. चेंडू ठेवला. नेहमीचीच धाव घेतली, आणि शेवटच्या क्षणी पाय चेंडूखाली सरकवून टाकला. हार्ट उजवीकडे आडवा झालेला, चेंडू सावकाश मधून आत. पिर्लोच्या चेहऱ्यावर काही नाही. जणू दुकानातून सुटे पैसे घेऊन निघालाय.

त्यानंतर इंग्लंडच्या यंगची बारवर आपटली, कोलची बुफॉनने अडवली, आणि इटली ४-२ने जिंकली. आता, त्या एका पेनल्टीने इंग्लंडचे पाय कापायला लागले असं लोक छातीठोकपणे सांगतात. यंगच्या मनात काय चाललं होतं ते यंगलाच ठाऊक. पण गोल झाल्यावर हार्टचा चेहरा मी पाहिलाय. त्यानंतर तो नाचला नाही.

अंतिम सामन्यात मात्र स्पेनने इटलीचा ४-० असा धुव्वा उडवला.

त्याला कुणी रोखू शकलं का?

हो. २०१०मध्ये चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत मिलानची गाठ मँचेस्टर युनायटेडशी पडली. अ‍ॅलेक्स फर्ग्युसननी दक्षिण कोरियाच्या पार्क जी-सुंगला एकच काम दिलं: पिर्लो. त्याचे पास नव्हे, खुद्द पिर्लो. तो जाईल तिथे जायचं. मिलान घरी २-३ने आणि मँचेस्टरमध्ये ०-४ने हरलं. पार्कसारखा न थकणारा माणूस तुमच्याकडे असेल आणि त्याच्याकडून दुसरं काही करून घेण्याचा मोह टाळता आला तर हे जमतं. बहुतेकांना दोन्ही जमत नव्हतं.

बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, एकदाही नाही?

नाही, पहिल्या तिघांतही कधी नाही. २००६ला कान्नावारोला मिळाला, २००७ला काकाला. म्हणजे दोन्ही वर्षी त्याच्याच संघातल्या माणसाला. माझं मत विचाराल तर २००६चा पिर्लोला द्यायला हवा होता. कान्नावारोचे चाहते भांडायला येतील, येऊ देत.

कारकिर्दीचा शेवट कसा झाला?

युव्हेंटससाठीचा शेवटचा सामना म्हणजे ६ जून २०१५ची चॅम्पियन्स लीग फायनल, बार्सिलोनाविरुद्ध. मैदान बर्लिनचं, नऊ वर्षांपूर्वी विश्वचषक उचलला तेच. १-३. सामना संपल्यावर ज्या चेहऱ्यावर कधी काही दिसत नाही त्यावरून पाणी वाहत होतं.

मग न्यूयॉर्क सिटी एफसी. सोबत दाव्हिद व्हिया आणि लॅम्पार्ड. घरचे सामने चक्क बेसबॉलच्या यांकी स्टेडियमवर, तेही अरुंद मैदान. अमेरिकेतली लीग म्हणजे नुसती धावपळ, आणि पिर्लो सदतीस-अडतीसचा. गुडघे कुरकुरत होते. बरं दिसलं नाही, एवढंच म्हणतो. नोव्हेंबर २०१७मध्ये थांबला. शेवटच्या सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला बदली म्हणून आला.

निरोपाचा सामना २१ मे २०१८ला मिलानच्या सान सिरोवर झाला. पदार्पणाची तारीखही २१ मे, आणि पाठीवरचा नंबरही २१.

प्रशिक्षक म्हणून फसला का?

लोक ‘फसला’ म्हणतात, मी ‘घाई झाली’ म्हणेन. आणि घाई त्याची नव्हती. जुलै २०२०च्या अखेरीस युव्हेंटसने त्याला २३ वर्षांखालील संघ दिला. दहा दिवसही झाले नाहीत तोच मुख्य संघाच्या प्रशिक्षकाला काढलं आणि ८ ऑगस्टला पिर्लो थेट त्या खुर्चीवर. कुठल्याही संघाचा एकही सामना त्याने तोवर प्रशिक्षक म्हणून पाहिला नव्हता. लागोपाठ नऊ लीग जिंकलेला क्लब, पोर्तुगालचा क्रिस्तियानो रोनाल्डो संघात, आणि प्रशिक्षकाची पहिलीच नोकरी.

सुपर कप जिंकला. इटालियन कप जिंकला, १९ मे २०२१ला, स्वतःच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी. पण लीगमध्ये चौथा क्रमांक आणि चॅम्पियन्स लीगमध्ये पोर्तोकडून हार. मे संपायच्या आत काढला. पुढे तुर्कस्तानात फातिह करागुमरुक, मग इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत साम्पदोरिया. तिथून ऑगस्ट २०२४मध्ये, हंगाम नुकताच सुरू झालेला असताना बाहेर.

मला यात एक गोष्ट खटकते. त्याचे संघ चेंडू छान खेळवायचे, पण चेंडू गेल्यावर काय करायचं याचा गोंधळ असायचा. खेळाडू असताना तो प्रश्न त्याच्यासाठी गात्तुसो सोडवायचा.

तो भारतात कधी खेळला का?

नाही. पण २००६च्या त्या संघातले त्याचे चार जोडीदार इंडियन सुपर लीगसाठी इथे आले. २०१४मध्ये देल पिएरो दिल्ली डायनॅमोजकडून खेळला, नेस्ता चेन्नईयिनकडून. झाम्ब्रोत्ता २०१६मध्ये दिल्लीचा प्रशिक्षक होता. आणि मातेराझी, बर्लिनमध्ये पिर्लोच्या कॉर्नरवर डोकं लावणारा, चेन्नईयिनचा प्रशिक्षक.

गोंयकारांना मातेराझी वेगळ्या कारणाने आठवतो. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, अंतिम सामना. ८७व्या मिनिटाला एफसी गोवा २-१ने पुढे गेली, अख्खं मडगाव नाचायला लागलं. मग नव्वदाव्या मिनिटाला गोलरक्षक कट्टिमणीकडून स्वयंगोल, आणि लगेच भरपाईच्या वेळेत मेंडोझाचा गोल. ३-२ चेन्नईयिन. गोव्याचा प्रशिक्षक ब्राझीलचा झिको होता. दोन विश्वचषक देशांची पुण्याई आपल्या एका मैदानावर, आणि हरलं कोण तर यजमान.

एकच क्लिप पाहायची असेल तर कुठली?

सगळे हार्टविरुद्धची पेनल्टी सांगतील. ती बघाच. पण मी १४ जून २०१४ सांगतो, मनाऊस, विश्वचषकातला इटली-इंग्लंड सामना. ३५वं मिनिट. कॉर्नर छोटा घेतला, चेंडू मैदानाला समांतर पिर्लोकडे येतोय. पेनल्टी क्षेत्राबाहेर तो उभा, पाय उचललेला. इंग्लंडचा खेळाडू त्याच्यावर धावून जातो, जाणारच, समोर पिर्लो आहे. पिर्लो पाय उचलतो आणि चेंडू तसाच पायाखालून जाऊ देतो. मागे मार्किझिओ मोकळा. जमिनीलगत फटका, गोल.

त्याच सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत पिर्लोची एक फ्री किक बारवर आदळली. गोलमध्ये पुन्हा जो हार्टच होता, आणि या वेळी तो हललासुद्धा नाही.